माटोळीतली तबकडी

सर्वणच्या गोकुळदासला गाण्याचं वेड लागलं ते विजेच्या खांबावर. कुणाला ते देवळात लागतं, कुणाला नाटकाच्या मांडवात. गोकुळदासला लागलं जमिनीपासून वीस फुटांवर, कमरेला पट्टा आणि दातांत पक्कड असताना.

तेव्हा तो लाइनमन होता आणि मांद्र्याला नेमणुकीवर होता. दोन दिवस गावात वीज नव्हती, समुद्राकडच्या एका गेस्ट हाउसातही. गोकुळदास तिथल्या खांबावर चढला, तार जोडली, आणि जोडल्याक्षणी खालच्या खोलीतून असा काही आवाज उठला की त्याने डोळेच मिटून घेतले. संपलं, ट्रान्सफॉर्मर गेला! ट्रान्सफॉर्मर जाताना जसं होतं तसंच सगळं: आधी घरघर, मग तडतड, मग खाली कुणीतरी जिवाच्या आकांताने ओरडतंय. फरक इतकाच, की हा ट्रान्सफॉर्मर तालात जळत होता. आणि अठ्ठावन्न सेकंदांनी असा गप्प झाला, जणू म्हणाला, झालं आमचं, जा आता घरी.

खाली उतरून बघतो तर पेक्का नावाचा एक पाहुणा, भुवया पांढऱ्या, पाय अनवाणी, रेकॉर्ड प्लेअरजवळ बसलेला. वीज गेली तेव्हा सुई नुकतीच तबकडीच्या कडेला टेकलेली होती आणि आवाजाचं बटण शेवटच्या आकड्यावर.

"परत लाव," गोकुळदासने खुणेने सांगितलं.

संध्याकाळपर्यंत त्यांनी ती तबकडी अकरा वेळा ऐकली. उरलेलं मांद्रे तोवर अंधारात होतं, पण त्याची तक्रार लिहून घेणारा माणूसच तिथे बसून मान हलवत होता, त्यामुळे ती कुठे नोंदली गेली नाही.

मोसम संपला तसा पेक्का फिनलंडला परत निघाला. सामान जड झालं म्हणून त्याने त्रेचाळीस तबकड्यांचं एक खोकं गोकुळदासच्या स्कूटरवर बांधून दिलं. सगळं पंक नाही तर हार्डकोर. गाणी मिनिटा-दोन मिनिटांची, गाणारे सगळे संतापलेले. कशावर ते देव जाणे. गोकुळदासला एक शब्द कळत नसे. पण तक्रारीच्या खिडकीवर इतकी वर्षं लोक जे बोलत ते तरी त्याला कुठे धड कळलं होतं? भावना पोचायच्या.

त्या खोक्यातली राणी म्हणजे ती मांद्र्याची तबकडी. बशीएवढी लहान, मधलं भोक मात्र चांगलं दोन बोटं जाईल एवढं. अख्ख्या जगात दोनशेच काढलेल्या. गोकुळदासची एकशे सतरावी. कव्हर कुणीतरी हाताने रंगवलेलं आणि त्यावर वादकांच्या टोळीचं नाव, ज्याच्या प्रत्येक अक्षरावर दोन-दोन टिंबं. ते वाचणारा माणूस गोव्यात नव्हता. म्हणून त्यांना सगळे म्हणत 'टिंबवाले'. टिंबवाल्यांची एक शपथ होती, ती पेक्काने निघताना गोकुळदासकडून घेतली: हे गाणं फोनात भरायचं नाही, इंटरनेटवर चढवायचं नाही, गाजावाजा करायचा नाही. ऐकायचं तर तबकडीवरून, आणि मागेल त्याला ऐकवायचं. कुणाला नाही म्हणायचं नाही.

गोकुळदासने ते असं पाळलं, जसं काही पेक्का त्याच्या कुळाचा पुरोहित. निवृत्त होऊन सर्वणला घरी बसला तसं त्याने मंडळच काढलं. वाळपईचा अमोल, डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत प्रेसवर काम करणारा चंदगडकडचा भैरू, पेडण्याची अंकिता. एवढीच माणसं, पण पाळी ठरलेली, तबकडी आठ-आठ दिवस एकेकाच्या घरी. कव्हर मात्र सर्वणच्या घराचा उंबरठा ओलांडत नसे. नुसती तबकडी जायची, नुसती परत यायची. भैरू म्हणायचा, "दिवसभर मशीन धाडधाड करतंय भाऊ, आणि पाच वाजता बंद झालं की कानात नुसता खड्डा. ह्या टिंबवाल्यांनीच भरतोय बघा."

आता घरातली दुसरी बाजू. गोकुळदासची बायको पद्मावती, आणि तिची माटोळी.

चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर जी लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातली, परसातली फळं, शेंगा, कंद, फुलं बांधतात, ती माटोळी गोव्यात घरोघर असते. पद्मावतीची माटोळी मात्र बघायला लोक डिचोलीहून रिक्षा करून यायचे. माटोळीच्या स्पर्धेत गेली सहा वर्षं पहिला नंबर तिचाच. दुसरा पेडण्याच्या पार्वतीचा, तोही सहा वर्षं. दोघी एकमेकींना कधी भेटल्या नव्हत्या, आणि एकमेकींबद्दल इतकं बोलायच्या की सख्ख्या बहिणी बोलणार नाहीत.

या माटोळीवाल्यांचा एक दंडक असतो. कुठलं फळ कुठे मिळतं हे कुणी सांगत नाही, आणि कुणी विचारत नाही. पद्मावती तर श्रावणात दक्षिणेकडच्या रानात जायचं असलं की आधी उत्तरेकडची बस पकडायची, दोन थांबे पुढे उतरायची आणि पदर डोक्यावर घेऊन उलट बसने परतायची. नवऱ्यालासुद्धा पत्ता नाही. गोकुळदास मागेल त्याला तबकडी देणारा, पद्मावती घाणेरीच्या झुडपाचाही पत्ता न देणारी, आणि तीस वर्षं दोघं एका ताटात जेवत होते.

यंदाच्या चतुर्थीला गोकुळदासच्या डोक्याला एकच घोर होता: अंकिताची पाळी. पोरगी मोठ्या पर्यटक-बोटीवर नोकरीला. वर्षभर तिने त्या तबकडीची वाट बघितलेली. दर वेळी पाळी आली की ही समुद्रात. आता सुट्टीवर आली होती, आणि पंचमीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मोप्याहून विमान पकडून परत नऊ महिन्यांसाठी जायची होती. गोकुळदासने तिला फोनवर सांगून टाकलं होतं, "पंचमीक चार वाजता ये. दोनय बाजू ऐकयतंय. माझो शब्द."

तबकडी तेव्हा भैरूकडे होती, आणि भैरूने ती वेळेवर परतही केली. चतुर्थीच्या आदल्या दिवशी तो सर्वणला आला तेव्हा गोकुळदास मूर्ती आणायला चित्रशाळेत गेला होता. पाऊस होता. प्लॅस्टिकात तबकडीला घाम येतो असं भैरूचं ठाम मत. म्हणून त्याने ती सागाच्या पानांत घालून, पत्रावळीसारखी काड्यांनी टाचून आणली होती. पद्मावती ओट्यावर केवणीच्या सालीचे दोर वळत बसलेली, समोर फळांचा ढीग, आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी जो माणूस पानांत काहीतरी जपून घेऊन दारात येतो तो माटोळीला काहीतरी घेऊन येतो, हे तिला जन्मापासून ठाऊक.

"काय रे ता?" तिने विचारलं.

"जपून वैनी. लई दुर्मीळ. अख्ख्या जगात दोनशेच हैत."

पद्मावतीच्या हातातला दोर थांबला. "दोनशे झाडां?"

भैरूला वाटलं, वैनी मस्करी करतात. तो हसला. "भाऊंनी सांगितलंय, ह्याच्याबद्दल कुणाकडं बोलायचं न्हाई."

बस. याहून पवित्र वाक्य पद्मावतीने आयुष्यात ऐकलं नव्हतं. तिने पुढे एक प्रश्न विचारला नाही. विचारणं म्हणजे असभ्यपणा. नवऱ्याने गुपचूप घाटावरून आपल्यासाठी काहीतरी मागवलं या विचाराने तिला चार पावलं उंच झाल्यासारखं वाटलं. पुडी चाचपून बघितली: गोल, चपटं, मधोमध भोक. नवऱ्याच्या तबकड्या तिने कव्हराबाहेर कधी बघितल्या नव्हत्या. घाटावर काय काय होतं देव जाणे. उघडली तर हवा लागून काळं पडायचं, म्हणून तिने पान न सोडता टोच्याने मधोमध भोक पाडलं, दोर आत घातला, खाली बांबूची एक काडी आडवी अडकवली, आणि पुडी माटोळीच्या बरोबर मध्यावर, गणपतीच्या मुकुटासमोर, ताटासारखी आडवी टांगली.

पंचमीला दुपारी भैरू प्रसादाला आला. गोकुळदासने त्याच्या पुढ्यात नेवऱ्यांचं, म्हणजे गोव्याकडच्या करंज्यांचं, ताट ठेवलं आणि विचारलं, "तबकडी हाडलंस?"

"परवाच दिली की. वैनींच्या हातात."

"पद्मा! भैरून दिलेली ती वस्तू खंय आसा?"

"बांधलंय," पद्मावती आतून अभिमानाने म्हणाली.

"खंय बांधलंस?"

ती बाहेर आली आणि तिने नुसती हनुवटी वर केली. दोघा पुरुषांनी वर बघितलं. तीनशे अठरा प्रकारची फळं, शेंगा, कंद आणि घोस, आणि त्यांच्या मधोमध सागाची एक पुडी, वाऱ्यावर सावकाश डुलत.

भैरूच्या हातातली नेवरी तशीच राहिली.  गोकुळदासने पुडीत काय आहे ते सांगितलं. पद्मावतीने सगळं ऐकून घेतलं. ऐकताना तिचा चेहरा आधी पांढरा, मग लाल, मग माटोळीतल्या पिकल्या कवंडळासारखा झाला.

"म्हणजे ता फळ नाय?"

"नाय."

"प्लॅस्टिक?"

"तसाच कायतरी."

"आणि आज चारानंतर परीक्षक येतले!" माटोळीत माणसाने बनवलेली एकही वस्तू चालत नाही, हा स्पर्धेचा पहिला नियम. पद्मावती पाटावर बसली. गोकुळदासला वाटलं, सुटलो, आता ही स्वतःच काढायला सांगणार. त्याने शिडी आणलीसुद्धा.

"ती शिडी थंयच ठेवा," पद्मावती म्हणाली. "देवाक बांधलेला पाच दिवस खाली काढूचा नसता. माझ्या सासूने काढलेला नाय, तिच्या सासूने काढलेला नाय. नंबर गेलो तर गेलो."

"अगो, पण ती पोर चाराक येतली! मी शब्द दिलंय!"

"तुमी तुमचो शब्द सांभाळा, मी माझो दोर सांभाळतंय."

आणि एवढ्यात दारात स्कूटर थांबली. अंकिता. केस कापलेले, कानात पाच बाळ्या, हातात हेल्मेट, तोंडावर वर्षभराची भूक.

"कोणाचा गो तू?" पद्मावतीने उंबरठ्यावरच अडवलं.

"पेडण्याच्या पार्वतीचा, काकी."

पद्मावतीने दोन्ही हात पसरून दार अडवलं, जणू बाहेर बिबट्या उभा आहे. "आवशीन धाडल्यान? परीक्षक येवच्या आदी मोजूक?"

"देवाशपथ नाय! आवशीक कळला मी तुमच्या घरात इलंय तर ती माका बोटीवर नाय, तशीच समुद्रात धाडतली." अंकिताने मान वाकडी करून गोकुळदासकडे बघितलं. "काका, तबकडी आसा मा?"

त्या 'मा'मध्ये इतकं काही होतं की गोकुळदासला खांबावरचा तो दिवस आठवला. आयुष्यात त्याने कुणाला नाही म्हटलं नव्हतं, आणि आता म्हणायची पाळी आली होती. त्याने मान वर केली. पुडी डुलत होती. तो बघत राहिला. लाइनमन जसा तुटलेल्या तारेकडे बघतो, तसा. मग सावकाश म्हणाला:

"पद्मा, तू म्हणतंस काढूचा नाय. बरोबर?"

"बरोबर."

"पण थंयच्या थंय फिरवूचा नाय, असा खंय लिवलेला आसा?"

पद्मावतीने विचार केला. सासूने याबद्दल काही सांगितलेलं तिला आठवेना. नवऱ्याच्या चेहऱ्याकडे तिने बघितलं, तीस वर्षांत असा रडवेला कधी दिसला नव्हता. "दोर सोडूचो नाय," ती म्हणाली. "आणि ह्या चेडवाच्या डोळ्यार फडको. वर बघूचा नाय."

म्हणून पेडण्याच्या पार्वतीची मुलगी सर्वणच्या पद्मावतीच्या घरात शिरली ती डोळ्यांवर पंचा बांधून, भैरूच्या हाताला धरून. पाटावर बसवली तशी तिने नाक वर करून वास घेतला. "काकी, रानजायफळ गावला तुमका? आणि हय डाव्या बाजूक काय, चिबूड?"

"नाकाकय कायतरी बांधूक होया!" पद्मावती म्हणाली.

पुढची पाच मिनिटं घरात जे चाललं ते गणपतीने बघितलं म्हणून खरं मानायचं. जेवणाचं टेबल माटोळीखाली आलं. टेबलावर स्टूल, स्टुलावर प्लेअर. भैरूने शिडीवर चढून सागाची पानं अलगद सोडवली. ती त्याचीच होती, त्याला पद्मावतीची हरकत नव्हती. काळी तबकडी दोराला लटकलेली चमकली. प्लेअर इतका उंच केला की तबकडी त्यावर टेकावी आणि दोर थोडा ढिला पडावा. पण खालची बांबूची काडी मध्ये येई आणि तबकडी डगडगे.

"खाली कायतरी होया," गोकुळदास म्हणाला. "गोल. कडक. मधे भोक असलेला." आणि तो स्वयंपाकघरात जाऊन, डब्यांच्या मागे हात घालून, कांकण घेऊन आला. कांकण म्हणजे पोदेराकडचा, पाववाल्याकडचा, बांगडीसारखा पाव, दगडासारखा कडक.

"गणपतीच्या दिवसांनी पोदेराचा कांकण?" पद्मावती किंचाळली. "माझ्यापासून लपवून?"

"चायबरोबर लागता," गोकुळदास पुटपुटला.

कांकण प्लेअरवर बसलं, काडी कांकणाच्या भोकात, तबकडी कांकणावर. साखरपुड्याला अंगठी बसावी तशी बसली. दोर सरळ वर माटोळीत गेलेला, मोठ्या भोकातून, प्लेअरच्या मधल्या खिळ्याच्या शेजारून. गोकुळदासने देवाला नमस्कार केला, पेक्काला नमस्कार केला, आणि सुई टेकवली.

तो आवाज सर्वणला नवीन नव्हता. शेजारच्या म्हशी कधीच सरावल्या होत्या. पण पद्मावती इतक्या जवळून पहिल्यांदा ऐकत होती. घरघर, तडतड, मग तो माणूस. अंकिता पंचा बांधलेली मान अशी झटकत होती की भैरूने तिच्यापुढची समई उचलून घेतली. मिनिटाला पंचेचाळीस फेरे. प्रत्येक फेऱ्याबरोबर दोराला एक पीळ. दोर आधी ताठ झाला, मग त्याला गाठी-गाठी पडल्या, मग वरची चौकट करकरली. आंबाडे आंबाड्यांवर आपटू लागले. घागऱ्यांच्या शेंगा, आतल्या बिया वाजवत, टिंबवाल्यांना साथ देऊ लागल्या, आणि असं म्हणतात की ताल त्यांचाच बरा होता. पण एक फळ खाली पडलं नाही. पद्मावतीने बांधलेलं होतं ते.

अठ्ठावन्न सेकंद झाले. गोकुळदासने सुई उचलली, भैरूने झटकन तबकडी दोन्ही तळव्यांत कडेने धरली, कारण पिळलेला दोर आता उलट फिरायला धावत होता.

 पंच्याखालून एक थेंब अंकिताच्या गालावर आला. "काका," ती म्हणाली, "आणि दुसरी बाजू?"

 दोन बाजू, असा गोकुळदासचा शब्द होता. दुसरी बाजू खाली तोंड करून होती, आणि तबकडी उलटायची तर दोर सोडायचा. पद्मावती हाताची घडी घालून उभी.

"भाऊ, लवकर बोला," भैरू म्हणाला. त्याचे दंड थरथरत होते. "ही उलटी फिरायला बघतीया."

"खंयच्या बाजून?"

"घड्याळाच्या उलट!"

गोकुळदासने डोळे मिटले. वरून उलट. म्हणजे खालून बघणाऱ्याला? खालून सुलट! टिंबवाल्यांची दुसरी बाजू खालून जशी फिरायला हवी नेमकी तशी. पहिल्या बाजूने दोर पिळला होता, दुसरी बाजू तो सुटताना वाजणार होती. फक्त सुई खालून लावणारा माणूस हवा.

"सोडू नको!" तो ओरडला. प्लेअर त्याने स्टुलावरून खाली घेतला, हत्यारांची पिशवी उपडी केली, सुईचं डोकं काढलं, आणि केसाएवढ्या चार तारांना चार लांब तारा अशा झपाट्याने जोडल्या की वीज खात्यातल्या कुणी बघितलं असतं तर त्याला परत नोकरीवर घेतलं असतं. मग स्टूल बाजूला करून तो टेबलावर उताणा पडला, आणि बोटांच्या चिमटीत सुई धरून हात वर केला.

"बोटान वेग सांभाळ, भैरू. प्रेससारखो."

"त्ये मला सांगू नका," भैरू म्हणाला आणि त्याने तळवे सोडले, फक्त एक बोट कडेला ठेवलं.

तबकडी हवेत फिरू लागली. गोकुळदासने खालून सुई टेकवली. एक खरखर, एक किंचाळी, आणि गाणं लागलं! मधेच जरा पळे, मधेच जरा रेंगाळे, पण हार्डकोरमध्ये ते गाणाऱ्याच्या आईलासुद्धा कळत नाही. गोकुळदासचा हात एक-एक केस आत सरकत होता. वर चौकट उलट करकरत होती, घागऱ्या उलट वाजत होत्या. "आसा! आसा!" अंकिता ओरडली. ती पाटावर उभी राहिली होती आणि दोन्ही मुठी हवेत.

याच वेळी स्पर्धेचे परीक्षक नारायण सर, वनस्पतिशास्त्राचे निवृत्त मास्तर, दारात येऊन उभे राहिले. त्यांनी काय बघितलं? घरमालक टेबलावर उताणा. घाटावरचा एक गृहस्थ बोटाने काहीतरी फिरवतोय. डोळ्यांवर पंचा बांधलेली एक मुलगी मुठी आपटतेय. माटोळी गदागदा हलतेय आणि कुठूनतरी कुणीतरी प्राण सोडतंय. गणपती तेवढा स्थिर होता.

सरांनी चपला काढल्या. गाणं संपेपर्यंत ते हात जोडून उभे राहिले. नवीन तऱ्हेची आरती असेल, असं त्यांना वाटलं.

दोर पूर्ण सुटला. तबकडी थांबली. शांततेत एक आंबाडा अजून डुलत होता.

सर माटोळीखाली गेले, चष्मा चढवला आणि मोजायला लागले. बराच वेळ मोजत होते. प्रत्येक फळाला हात लावत, नाव पुटपुटत, कागदावर खूण करत. रानजायफळापाशी तर त्यांनी चष्माच पुसला. शेवटी मध्यावर आले.

"तीनशे अठरा. अद्भुत. आणि हे काय?"

 पद्मावती काहीही म्हणू शकली असती. घाटावरची सुकलेली शेंग म्हणाली असती तर सरांनी निदान दोन मिनिटं वनस्पतींची लॅटिन नावं आठवली असती. तिने नवऱ्याकडे बघितलं. तो अजून टेबलावर उताणाच होता, हातात सुई, तोंडावर असं हसू की लग्नाच्या फोटोतसुद्धा नव्हतं.

"तबकडी," ती म्हणाली. "फिनलंडची."

"म्हणजे नैसर्गिक नव्हे."

"नव्हे."

सरांनी इकडे-तिकडे बघितलं आणि आवाज खाली केला. "बाई, मी पाणी प्यायला आत जातो. तोवर ती काढा. मी काही पाहिलं नाही."

"पाणी दितंय," पद्मावती म्हणाली. "पण देवाक बांधलेला मी काढूचंय नाय."

सर पाणी प्यायले. कागदावर एक लांब, तिरपी रेघ मारली.  "यंदा पहिला नंबर पेडण्याला जाईल," ते म्हणाले. चपला घालता घालता वळले आणि गोकुळदासला विचारलं, "हे नेहमी इतकंच लहान असतं का हो? की आज आवरतं घेतलं?"

"मागल्यार परत ऐकयतंय, सर," गोकुळदास टेबलावरूनच म्हणाला. "अमोल झाल्यार तुमची पाळी."

सरांनी कागदाच्या मागच्या बाजूला तारीख लिहून घेतली.

अंकिताने पंचा सोडला होता. ती वर बघत नव्हती, जमिनीकडे बघत होती. "काकी, माझ्यामुळे तुमचो नंबर गेलो. आणि गेलो तो आमच्याच घरात."

पद्मावती आत गेली, केळीच्या पानात नेवऱ्या बांधून आणल्या, त्या तिच्या हातात कोंबल्या आणि स्कूटरपर्यंत तिच्याबरोबर गेली. गोकुळदास मागोमाग.

"ह्यो बोटीर खा," पद्मावती म्हणाली. मग जरा थांबली, आजूबाजूला बघितलं आणि अंकिताच्या कानाशी वाकली. तीस वर्षांत जे नवऱ्याला ऐकायला मिळालं नव्हतं ते ती त्याच्यासमोर बोलू लागली. "आणि आवशीक सांग. ती पहिली इली, तिका माझ्याकडसून भेट. रानजायफळ होया तर वाळपई सोडल्यार दुसरो ओहोळ लागता, तो ओलांडूचो आणि डाव्या हाताक वर चढत जावचा. खूप आत. फुडल्या वर्सा तिनेय बांधू दे."

अंकिताचे डोळे भरून आले. तिने वाकून पद्मावतीच्या पायांना हात लावला.

गोकुळदासने मात्र त्या सगळ्या भागात विजेचे खांब रोवले होते. दुसऱ्या ओहोळाच्या डाव्या हाताला रानजायफळ तर सोडाच, एक काजूसुद्धा नव्हता. होता तो गुडघाभर चिखल, त्यापुढे कमरेएवढा चिखल, आणि त्यात बसणाऱ्या म्हशी. पार्वती पदर खोचून तिथे शिरली की तिला बाहेर काढायला दोरच लागणार होते.

पोरगी मंडळातली. मंडळात कुणापासून काही लपवायचं नाही, हा नियम त्याचाच. त्याने तोंड उघडलं. पद्मावतीने त्याच्याकडे वळून बघितलं, शांतपणे, एक भुवई किंचित वर करून.

"सांभाळून चलय गो," गोकुळदास अंकिताला म्हणाला. "वळणार खडी पडल्या."